पाळणा कोणाची गोष्ट सांगतो?

मराठवाड्यातील कोणतीही मोठी जत्रा घ्या. परळीला वैद्यनाथाची महाशिवरात्रीची यात्रा असो, बीडच्या कंकालेश्वराची असो, किंवा एखाद्या खेड्यातील चैत्रातली गावजत्रा असो. दिवेलागण झाली की देवळाच्या दाराइतकीच गर्दी पाळण्यांपाशी जमते. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचे चक्र आणि मौत का कुआँ हे जत्रेचे जुने सोबती. त्यांच्या जोडीला ड्रॅगनची गाडी, ब्रेक डान्स, कोलंबस, टोराटोरा अशी नवी यंत्रे आली आहेत. पोरे बापाच्या सदऱ्याला धरून ओढतात, बाप खिसा चाचपतो आणि दोन मिनिटांच्या फिरण्यासाठी नोटा मोजून देतो. त्या दोन मिनिटांत पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, त्याला हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि या पाळण्यांची नावे एकदा सावकाश वाचून पाहण्यासारखी आहेत. ‘टोरा टोरा टोरा’ हा जपानी आरमाराच्या वैमानिकांनी ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर अमेरिकेला बेसावध गाठल्याचा दिलेला संकेत होता. तोरा म्हणजे वाघ. त्या हल्ल्यावर त्याच नावाचा चित्रपट १९७० साली निघाला. आज परळी-माजलगावच्या पोराला हल्लाही ठाऊक नाही आणि चित्रपटही. नाव मात्र त्याच्या तोंडी बसले आहे. कोलंबस १४९२ साली ज्या बेटांवर उतरला, तेथील मूळ रहिवाशांच्या वाट्याला गुलामी, रोगराई आणि मृत्यू आला. जत्रेत तो एक झुलणारे जहाज होऊन बसला आहे. पाळण्याच्या फळ्यांवर रंगवलेली चित्रेही अशीच कोठून कोठून आलेली: सिनेनट, विमाने, परदेशी व्यंगचित्रांतील उंदीर आणि बदके.

यात पाळणेवाल्याचा दोष नाही. यंत्र ज्या नावाने आले, त्याच नावाने तो ते गावोगाव फिरवतो. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नुसते फिरणारे यंत्र माणसाला पुरत नाही. त्याला एखादी गोष्ट जोडलेली लागते. ज्यांचा पाळणा आहे, ज्यांची जत्रा आहे, त्यांनी ती गोष्ट दिली नाही, तर दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट त्यावर येऊन बसते. पाळण्यावर कोणाची गोष्ट आहे, हा प्रश्न म्हणून पोरखेळाचा राहत नाही. तो सांस्कृतिक प्रश्न आहे आणि म्हणून राजकीयही आहे.

खाण उरली, खाणकामगार गेला

यंत्राला गोष्टीची जोड कशी मिळाली, याचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा वाहून नेण्यासाठी उतारावरचा लोहमार्ग बांधण्यात आला. भरलेल्या गाड्या उताराने आपोआप खाली जात. पुढे कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागली आणि त्याच रुळांवरून हौशी प्रवासी पैसे देऊन घसरू लागले. त्याच धर्तीवर लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लाकडी घसरगाडी उभारली. भाडे होते पाच सेंट. आज ज्याला रोलर कोस्टर म्हणतात, त्याच्या वंशावळीत ही गाडी मोडते. लवकरच थॉम्प्सनच्या ध्यानात आले की, नुसत्या घसरण्याचे नावीन्य फार काळ टिकत नाही. मग त्याने रुळांच्या कडेने बोगदे आणि रंगवलेले देखावे उभे केले. गाडी देखाव्यातून जाऊ लागली आणि पाळण्याला गोष्ट चिकटली.

१९०१ साली बफेलो येथील प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्प्सन या दुसऱ्या थॉम्प्सनने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने प्रेक्षकांना पंखांच्या जहाजात बसवून ‘चंद्रावर’ नेले. दोन वर्षांनी कोनी आयलंडला उभ्या राहिलेल्या लूना पार्कचे नावच त्या चांद्रजहाजावरून पडले. तेथे येणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या गिरण्या-कारखान्यांत खपणाऱ्या कामगारांचा मोठा भरणा असे. आठवडाभर यंत्र ज्यांना राबवी, त्यांनाच सुटीच्या दिवशी तेच दाते, पट्टे आणि चाके हसवीत असत. त्यासाठी यंत्रावर स्वप्नाचा रंग चढवणे भाग होते.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि या कलेचे पूर्ण उद्योगात रूपांतर झाले. तेथे पाळण्याआधी गोष्ट ठरते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवरच्या चित्रांतून, आवाजांतून, वासांतूनसुद्धा कथेत ओढले जाते. गाडीत बसेपर्यंत तो निम्मा त्या जगाचा झालेला असतो. रांगेतला ताटकळण्याचा वेळही कथेचा पहिला अंक म्हणून वापरला जातो. ही कारागिरी असामान्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. डिस्नेलँडमध्ये १९७९ साली सुरू झालेली एक प्रसिद्ध घसरगाडी सोन्याच्या खाणीत बेलगाम सुटलेल्या गाडीची गोष्ट सांगते. ज्या यंत्राचा जन्मच खाणीच्या रुळांवर झाला, ते यंत्र असे फिरून खाणीत आले. परंतु या खाणीत काळवंडलेल्या फुप्फुसांचा खाणकामगार नाही, संप नाही, कोसळलेले छप्पर नाही. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर तेथील हजारो आदिवासींची कत्तल झाली, त्याची खूणही नाही. खाण उरली आहे आणि खाणकामगार गेला आहे.

या उद्योगात गोष्टीने केलेले मुख्य काम हे आहे. ती श्रमाचे स्थळ उचलते, त्यातून श्रमिक वेचून बाहेर काढते आणि रिकाम्या झालेल्या जागी तिकीटधारकाला नायक म्हणून बसवते.

खोपोलीचे आकाश आणि बीडचा कोयता

महाराष्ट्रात गोरईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि मुंबईच्या मध्यमवर्गाची एक पिढी तेथे रमली. २०२२ साली ते बंद झाले. गोष्टीभोवती रचलेले मोठे उद्यान म्हणजे खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका. तेथील कथांची निवड पाहण्यासारखी आहे. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या आणि २००३ साली शास्त्रीय नाव मिळालेल्या ‘राजासॉरस’ या डायनोसॉरवर तेथे एक जलसफर आहे. आपल्या भूमीतील विज्ञानाची गोष्ट पाळण्यावर येते, याचे स्वागत केले पाहिजे.

पण तेथेच ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ सालच्या चित्रपटावरचीही राइड आहे. मूळ चित्रपटाचा नायक भाड्याच्या घरात अनाथ मुलांना सांभाळतो. घरात धान्याची चणचण, दारात देणेकऱ्यांचा तगादा. त्या चित्रपटाचा जीव त्या उपाशी मुलांत होता. राइडमध्ये उरतो तो मोगॅम्बो आणि हलत्या आसनावर बसून अनुभवायचा थरार. अलिबाबाचेही असेच. अलिबाबा हा लाकूडतोड्या होता आणि चाळीस चोरांपासून त्याचे प्राण वाचवले ते मर्जिना या गुलाम स्त्रीने. येथील राइडमध्ये प्रेक्षकाच्या हाती नेमबाजीचे हत्यार दिले जाते आणि पराक्रम त्याच्या नावावर जमा होतो. ‘आय फॉर इंडिया’ नावाच्या राइडमध्ये प्रेक्षक हवेत लोंबकळत देशाचे आकाशदर्शन घेतो. नद्या, डोंगर, वास्तू खालून सरकत जातात. आकाशातून देश सुंदर दिसतो, यात शंका नाही. मात्र त्या उंचीवरून उसाचा फड दिसला, तरी त्यातला कोयता दिसत नाही.

कोयता म्हणजे बीड जिल्ह्यात केवळ हत्यार नव्हे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मांडली जाते. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून काही लाख माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. महाशिवरात्रीला परळीत आणि बीडमध्ये जत्रा ऐन भरात असते, तेव्हा जिल्ह्यातील असंख्य खेडी ओस असतात आणि त्या खेड्यांची पोरे कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत झोपलेली असतात. आपल्याच जिल्ह्याची मोठी जत्रा त्यांच्या नशिबी नाही.

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तेव्हा टनाचा दर ३६६ रुपयांच्या आसपास आला. खोपोलीच्या उद्यानाचे माणशी तिकीट हजार रुपयांहून अधिक असते. हजारच धरले, तरी चौघांच्या कुटुंबाला चार हजार रुपये लागतात. म्हणजे सुमारे ११ टन ऊस. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे मानले, तर पाच-सहा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंतची मेहनत, आणि ती मुकादमाची उचल न फेडता. प्रवास आणि जेवण वेगळे. स्वप्नाचा दर असा टनात मोजला की, ते स्वप्न कोणासाठी रंगवले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कामगाराला पात्र म्हटले की

कथेचा हा लेप केवळ यंत्रावर चढत नाही, तो माणसावरही चढतो. डिस्नेच्या उद्यानांत कामगाराला ‘कामगार’ म्हणत नाहीत. झाडूवाल्यापासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सर्वांना नाटकातील पात्रवृंदाचे सभासद म्हणतात आणि गिऱ्हाईक हा पाहुणा असतो. शब्द गोड आहेत. पण पात्राने रंगमंचावर हसतच राहायचे असते, आणि जो पात्र आहे त्याने पगाराची गोष्ट काढणे कथानकात बसत नाही. म्हणूनच मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये परीकथांतील पात्रांचे पोशाख चढवून मुलांना भेटणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलावंतांनी बहुमताने संघटना स्वीकारली, ही बातमी महत्त्वाची ठरते. पोशाखाच्या आतला माणूस बोलला. याच कंपनीच्या चित्रकारांनी १९४१ साली संप केला होता, हेही येथे स्मरणीय आहे.

जत्रेतील पाळण्यावरच्या पोरांना तर पात्राचाही मान नाही. ती पाळणा जोडतात, फिरवतात, रात्री त्याच्याच खाली झोपतात आणि जत्रा उठली की तो सोडवून पुढच्या गावी नेतात. एखादा पाळणा तुटला की दोन दिवस बातमी होते, तपासणीची चर्चा होते आणि विषय मिटतो. या फिरत्या कामगाराची हजेरी, विमा, नोंदणी हा प्रश्न फारसा कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही.

गोष्ट बदलता येते

यावर असे म्हटले जाईल की, माणूस जत्रेत चार घटका दुःख विसरायला जातो, तेथेही त्याला श्रमाचे आणि शोषणाचे धडे कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. पुरोगामी चळवळीने करमणुकीला अनेकदा उथळ ठरवून तिच्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे जत्रेचे मैदान धंदेवाल्यांना आणि द्वेषाचा प्रचार करणाऱ्यांना मोकळे सापडले. कष्टकऱ्याला हसण्याचा, भिण्याचा, किंचाळण्याचा, हवेत झुलण्याचा पूर्ण हक्क आहे. पाळण्याने प्रवचन करावे अशी अपेक्षा नाही. तो आधीच जी गोष्ट सांगतो आहे, ती कोणाची आहे हे ओळखावे आणि ती बदलता येते हे जाणावे, इतकेच.

ती खरोखरच बदलता येते. डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून चालणाऱ्या चाच्यांच्या राइडमध्ये स्त्रियांचा लिलाव हा विनोदी देखावा म्हणून पन्नास वर्षे दाखवला गेला. २०१७-१८ मध्ये तो बदलावा लागला. १९४६ सालच्या ज्या चित्रपटाने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील मळ्यांवरचे काळ्या लोकांचे जीवन सुखासमाधानाचे रंगवले, त्यावर आधारलेली पाण्याची एक घसरगाडी १९८९ पासून चालू होती. २०२० साली अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्याच वर्षी ती बदलण्याची घोषणा झाली. २०२३ साली ती बंद झाली आणि २०२४ साली त्याच पाण्यावर, त्याच उतारावर एका काळ्या नायिकेची गोष्ट सुरू झाली. यंत्र तेच राहिले आणि लोकांच्या रेट्याने गोष्ट बदलली. कंपनीने हे धंद्याचा हिशेब करूनच केले, हे उघड आहे. पण तो हिशेब बदलायला रस्त्यावरची माणसे कारण झाली.

महाराष्ट्रात असा रेटा आवश्यक आहे, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर जुन्या गावगाड्याचे विस्तीर्ण शिल्पदर्शन उभे आहे. शिल्पकाम डौलदार आहे आणि शेकडो शाळांच्या सहली तेथे जातात. तेथील गाव स्वयंपूर्ण आणि समाधानी आहे. प्रत्येक बलुतेदार आपल्या जागी शांतपणे कामात गढलेला आहे. ज्या गावगाड्यात माणसाचा धंदा, वस्ती आणि पाणवठा जन्माने ठरत होता, त्याची ही गोष्ट गावकुसाबाहेरून सांगितली असती, तर ती इतकी शांत राहिली असती काय? सहलीतील मुलांनी हा प्रश्न विचारावा, एवढे तरी त्यांच्या शिक्षकांनी करायला हवे.

आपली गोष्ट कोण सांगणार?

वस्तुतः देखाव्यातून गोष्ट सांगण्याची कला या मातीला नवी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपला तत्त्वविचार कित्येक हात लांब कापडावर, पासोडीवर, लिहिला आणि रेखाटला. गणेशोत्सव सार्वजनिक झाल्यापासून मंडळांचे मेळे आणि देखावे लोकशिक्षण करीत आले. हुंडा, दुष्काळ, शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांवर गल्लीतील पोरांनी उभे केलेले जिवंत देखावे लोक रांगा लावून, एक पैसाही न देता पाहतात. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ यांसारखे कार्यक्रम गावोगाव नेले. त्या दर्शनात देश आकाशातून दिसत नव्हता. तो माणसांच्या गाण्यांतून आणि नाचांतून, मातीवर उभे राहून दिसत होता.

बीड जिल्ह्याजवळ सांगण्यासारख्या गोष्टी काय थोड्या आहेत? स्वामी रामानंद तीर्थांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातून निजामी राजवटीत राष्ट्रीय शिक्षणाची ज्योत पेटती ठेवली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या घामातून रोजगार हमीचा विचार कायद्यापर्यंत पोचला. आणि कोयता तर दर वर्षी एक नवी गोष्ट लिहितो.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. उद्या एखादे उद्यान ‘ऊसतोडीचा अनुभव’ म्हणून बैलगाडीची राइड काढील आणि शहरी पाहुणे मोळीवर बसून छायाचित्रे काढतील. कृषी पर्यटनाच्या नावाखाली बैलगाडीची फेरी आजही विकली जाते. अशाने खाणीचे झाले तेच फडाचे होईल. म्हणून गोष्ट कोणाविषयी आहे एवढ्याने भागत नाही. ती कोण सांगतो, हे पाहावे लागते.

त्या दृष्टीने जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी काही साधी कामे हाती घ्यावीत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहे सुरू झाली आहेत. तेथील मुलांशी बोलावे, त्यांच्या गोष्टी त्यांनाच लिहू आणि रंगवू द्याव्यात आणि येत्या गणेशोत्सवात व शिवजयंतीत गावच्या मंडळांना घेऊन त्यांचे देखावे उभारावेत. जत्रेचे मैदान लिलावाने देताना ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने पाळण्याची तपासणी, कामगारांची नोंद आणि मुलांसाठी परवडणारा दर या अटी घालाव्यात, असा आग्रह धरावा. ऊसतोडीवरून माणसे परतल्यावर, चैत्र-वैशाखात, गावोगावी लहान जत्रा भरवाव्यात. त्यात पाळणेवाल्याला रंग आणि चित्रकार द्यावा आणि पाळण्याची एखादी फळी गावच्या पोरांनी रंगवावी. शासनाच्या पैशातून जेथे जेथे उद्यान, सृष्टी किंवा देखावा उभा राहील, तेथे त्याची संहिता आधी लोकांपुढे मांडली गेली पाहिजे. सरकारी खर्चाने सांगितली जाणारी गोष्ट ही कंत्राटदाराची खासगी बाब नव्हे.

बीड शहरात जत्रेतली झुकझुक गाडी पिढ्यान्‌पिढ्या आली आणि गेली. खरी गाडी मात्र येत नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला, त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. तीस वर्षांपूर्वी जत्रेतल्या गाडीत बसलेले पोर आज आपल्या पोराला घेऊन खऱ्या गाडीत बसते आहे. ती तीस वर्षे कशी गेली, कोण झगडले, कोणी आश्वासने दिली आणि कोणी मोडली, ही गोष्ट पुढच्या महाशिवरात्रीला झुकझुक गाडीच्या डब्यांवर रंगवून पाहावी. पोरे बसतील, फिरतील, हसतील. आणि उतरताना एखादे तरी विचारील की हे चित्र कशाचे. त्याला उत्तर देणारा कार्यकर्ता तेथे उभा असला पाहिजे.